मीटरचा लाल दिवा आणि अंघोळीची बादली

आमच्या साताऱ्यातल्या घरात विजेचं मीटर जिन्याखाली आहे. त्यावर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो. पंधरा वर्षं त्याच्यासमोर उभं राहून चपला घातल्या, पण तो का लुकलुकतो हा प्रश्न कधी पडला नाही. डिसेंबरचं बिल आलं आणि घरात नेहमीचा खटला उभा राहिला. आप्पांचं म्हणणं, पोरं अभ्यासाच्या खोलीतला दिवा रात्रभर जळत ठेवतात. पोरांचं म्हणणं, आप्पा दिवसभर टीव्ही लावतात. आई कुणाच्याच बाजूने बोलत नव्हती. तिला पहाटे कढत पाणी लागतं, त्यामुळे हा विषय लवकर मिटावा एवढीच तिची इच्छा.

मग एका पहाटे घड्याळ घेऊन मी जिन्याखाली बसलो.

आमच्या मीटरवर ३२०० असा आकडा छापलेला आहे. तुमच्या मीटरवर वेगळा असू शकेल, पण अर्थ तोच: दिवा इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. सगळी बटणं बंद केली, फ्रिजची पिनही काढली आणि फक्त अभ्यासाच्या खोलीतला ९ वॅटचा एलईडी लावला. लाल ठिपका एकदा चमकला. मग वाट बघत बसलो. पुन्हा चमकायला दोन मिनिटं आणि वर पाच सेकंद लागले. एलईडी बंद करून हॉलमधला जुना ७५ वॅटचा पंखा लावला, तर दर पंधरा सेकंदांनी एक ठिपका. मग वर हाक मारली, ‘गिझर लाव गं!’ आणि दिव्याला जणू हुडहुडी भरली. सेकंदाला जवळजवळ दोन ठिपके. बोटांवर मोजता मोजता मी चुकलो.

खटल्याचा निकाल तिथेच लागला होता, पण आप्पांना तो मान्य व्हायला कागदावर हिशेब मांडावा लागला. तोच इथे मांडतो.

आधी वॅट आणि युनिट यांतला घोळ. पावसाळ्यात आपण सगळेच कोयनेच्या बातम्या ऐकतो. ‘धरणात इतके टीएमसी पाणी, पायथा वीजगृह आणि दरवाज्यांतून इतके क्युसेक विसर्ग.’ टीएमसी म्हणजे साठा, क्युसेक म्हणजे सोडण्याचा वेग, हे सातारा-सांगलीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी जातं. वॅट आणि युनिटचं नातं अगदी हेच. वॅट हा विसर्ग आणि युनिट म्हणजे एकूण गेलेलं पाणी. एक हजार वॅटचा विसर्ग एक तास चालला की एक युनिट. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो. ९ वॅटच्या दिव्याला तेवढं संपवायला १११ तास लागतात, म्हणजे चार दिवस आणि वर पंधरा तास, तेही अखंड चालू ठेवला तर.

दुसरा घोळ तापमान आणि उष्णतेचा. इथे सांगलीचा आयर्विन पूल कामाला येतो. पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. ती झाली पातळी. पात्रात एकूण पाणी किती आहे, ही वेगळी गोष्ट. तापमान ही पातळी आणि उष्णता हे पाणी. तांब्याभर उकळत्या पाण्याची पातळी वर असते, पण त्यात उष्णता थोडीच. बादलीभर कोमट पाण्याची पातळी खाली, तरी उष्णता त्याच्यापेक्षा जास्त. आणि पाण्यासारखीच उष्णताही वरच्या पातळीकडून खालच्या पातळीकडे वाहते. थंडीत घरातून बाहेर, उन्हाळ्यात बाहेरून घरात. मधली भिंत म्हणजे बांध. बांध किती झिरपतो, यावर बाकीचा सगळा लेख आहे.

तर बादली. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. डिसेंबरात टाकीचं पाणी २० अंशांवर असेल आणि अंघोळीला ४२ अंश हवं असेल, तर फरक २२ अंशांचा. वीस लिटरची बादली धरली तर २० गुणिले २२ म्हणजे ४४० किलोकॅलरी. म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. पोरांनी दहा तास दिवा विसरून ठेवला तर जातं ०.०९ युनिट. पावणेसहा रात्री तो दिवा जळेल तेव्हा कुठे एक बादली तापेल.

घरात रोज चार बादल्या धरल्या, तर दिवसाला दोन युनिटं, महिन्याला साठ. हे नुसतं पाण्यात गेलेल्या उष्णतेचं झालं. गिझरच्या टाकीतून, पाइपातून वाया जाणारी उष्णता वेगळी. मे महिन्यात टाकीतलं पाणी मुळातच ३० अंशांवर असतं आणि ३८ वर आपण थांबतो. फरक फक्त आठ अंश, म्हणजे तीच बादली जवळपास एक तृतीयांश विजेत होते. महाराष्ट्रात घरगुती बिलाचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात, वरच्या टप्प्यातलं युनिट महाग पडतं. एरवी नव्वदच्या आसपास राहणारं घर थंडीत शंभराची वेस ओलांडून जातं, ते या साठ युनिटांमुळे.

आता गंमत अशी की जगात ‘घर तापवण्याची ऊर्जा’ म्हणतात तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर बादली नसते. युरोपीय संघातल्या घरांमध्ये वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी ६० टक्क्यांहून जास्त ऊर्जा खोल्या उबदार ठेवण्यात जाते. पाणी तापवणं त्यानंतर, साधारण १५ टक्के. जर्मनीतल्या जुन्या, भिंतींना काही आच्छादन नसलेल्या घराला वर्षाला दर चौरस मीटरमागे दीडशे-दोनशे युनिटांएवढी उष्णता सहज लागते. शंभर चौरस मीटरचं घर असेल तर पंधरा-वीस हजार युनिटं. आमच्या घराची सगळी वीज, दिवे-पंखे-फ्रिज-गिझर धरून, वर्षाला दीड हजार युनिटांच्या आत असते. याच्या उलट टोकाला तिथेच डार्मश्टाट गावात १९९०-९१ मध्ये एक घर बांधलं गेलं. जाड आच्छादन, तीन काचांच्या खिडक्या, कुठे फट नाही. पॅसिव्ह हाउस म्हणून आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीतलं ते पहिलं घर. त्या पद्धतीची अट आहे, खोल्या तापवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ युनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. शंभर मीटरला दीड हजार. म्हणजे बर्फातलं अख्खं घर वर्षभर उबदार ठेवायला आमच्या घरच्या एकूण बिलाएवढीच ऊर्जा. बांध नीट घातला तर काय होतं त्याचा हा नमुना.

कुठल्या गावाला घर किती तापवावं लागेल हे मोजायची एक साधी रीत आहे, तिला अंश-दिवस म्हणतात. दिवसाचं सरासरी तापमान १८ च्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे अंश-दिवस. वर्षभराची बेरीज करायची. साताऱ्यात थंडीच्या एखाद्या दिवशी पहाटे ११ आणि दुपारी २९ असेल तर सरासरी २०, अंश-दिवस शून्य. पहाटे दात वाजत होते, तरी शून्य. महाबळेश्वरला त्याच दिवशी ८ आणि २२ असेल तर सरासरी १५, म्हणजे तीन. बर्लिनमध्ये जानेवारीत सरासरी एक अंशाच्या आसपास असते, तिथे एकेका दिवसाचे सतरा. आमची थंडी पहाटेपुरती येते आणि नऊ वाजता उन्हात पाय सोडून बसलं की निघून जाते. तेवढ्यासाठी कुणी घर तापवत बसत नाही.

महाबळेश्वरवरून आठवलं. दर थंडीत वेण्णा तलावाकाठी दव गोठून हिमकण झाल्याची बातमी येते आणि दर वेळी कुणीतरी शंका काढतो, ‘पारा तर सहावर होता म्हणे, मग बर्फ कसा झाला?’ दोन्ही खरं असतं. पारा मोजतात जमिनीपासून माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर. गवताची पाती मात्र निरभ्र रात्री आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत असतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतात. ढग असले तर ते पांघरुणासारखे वर असतात, म्हणून ढगाळ रात्री हिमकण नाहीत. हे आकाशाकडे उष्णता फेकणं लक्षात ठेवा, गच्चीवर पुन्हा लागणार आहे.

आपल्याकडची थंडीची रीत घर तापवायची नसून माणसाला गुंडाळायची आहे. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅटचा हीटर असतो. माणदेशातली घोंगडी उष्णता तयार करत नाही, ती हे शंभर वॅट अंगाजवळ धरून ठेवते. बारा बाय दहाची खोली तापवायला हजार-दोन हजार वॅट ओतण्यापेक्षा शंभर वॅट पळू न देणं केव्हाही शहाणपणाचं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याइतका वेडेपणा मात्र दुसरा नाही. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. बाथरूममध्ये बसवलेल्या गॅस गिझरचंही तेच. तो बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत असावा, नाहीतर नसावाच.

पाणी तापवण्यात मात्र आपण जुने तयार. माझ्या आजोळी, खटाव तालुक्यात, मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. पहाटे मामी त्यात बंबफोड, नारळाच्या शेंड्या, भुईमुगाची फोलपटं, हाताला लागेल ते घालायची. लहानपणी मला त्यातला फक्त धूर दिसला. आता बघितलं तर ते एक उत्तम यंत्र आहे. चुलीवर हंडा ठेवला की जाळ हंड्याच्या बुडाला चाटून बाजूने निघून जातो. साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा ते सातवा हिस्सा भांड्यात उतरतो. त्या हिशेबाने आपल्या एका बादलीला किलोभर लाकूड जातं. बंबात जाळ पाण्याच्या पोटात असतो. मधून नळी वर जाते, तिच्या चारी अंगांनी पाणी, आणि धूर बाहेर पडेपर्यंत त्याची उष्णता पाणी काढून घेतं. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनातही हीच युक्ती होती, फक्त तिथे अशा नळ्या शंभरावर असत.

दिवाळीला मामी चिंचेने बंब घासून लखलखीत करायची. त्यातही एक मुद्दा आहे, जो तिला कुणी सांगितला नव्हता. चकचकीत तांबं आपल्या अंगातली उष्णता फार कमी बाहेर फेकतं, काळवंडलेलं जास्त फेकतं. तरीही मी बंबाचे गोडवे गाणार नाही. तो धूर रोज मामीच्याच छातीत जात होता आणि बंबफोड फोडायलाही तीच होती.

गिझरवर परत येऊ. साठवणीचा गिझर चोवीस तास चालू ठेवला तर आपण न वापरलेलं पाणीही तो निवू देत नाही. निवलं की तापव, पुन्हा निवलं की तापव. अंघोळीआधी वीस मिनिटं लावून बंद करणं हा बिनखर्चाचा उपाय. दुसरी गळती पाइपात. अर्ध्या इंची पाइप पंधरा मीटर लांब असला तर त्यात अडीच-पावणेतीन लिटर पाणी मावतं. तेवढं थंड पाणी आधी बाहेर येतं आणि शेवटी तेवढंच गरम पाणी पाइपात राहून निवतं. तिसऱ्या मजल्यावर सोलर आणि तळमजल्यावर बाथरूम असलेल्या घरात पहिला अंघोळीला जाणारा का चिडतो, ते यातून कळेल. पाइपावर फोमची नळी चढवणं हे काही शे रुपयांचं काम आहे, आणि बहुतेक प्लंबर ते सांगितल्याशिवाय करत नाहीत.

सोलर गरम पाण्याचा शंभर लिटरचा संच ऊन असेल त्या दिवशी पाणी ३५ अंशांनी तरी वर नेतो. म्हणजे दिवसाला चार युनिटं, आमच्या चार बादल्यांच्या दुप्पट. जुलै-ऑगस्टात साताऱ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा मागे गिझर लागतोच. सांगली-मिरजेकडे बोअरचं पाणी जड असतं, तिथे टाकीत आणि पाइपात खार धरते. ते बघून संच निवडावा. छतावर वीज तयार करायची असेल तर फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण सौरवीज तयार करून त्यावर गिझर चालवणं म्हणजे वळसा घालून घरी येणं. त्याच उन्हाने सरळ पाणीच तापवलं तर त्याच जागेत कितीतरी जास्त उष्णता हाती लागते.

इथवर थंडीचं झालं. आमच्या भागातला खरा प्रश्न मार्चपासून सुरू होतो आणि तो डोक्यावर असतो.

एप्रिलच्या भर दुपारी गच्चीच्या दर चौरस मीटरवर सूर्य हजार वॅटच्या आसपास ऊर्जा ओतत असतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवरचा स्लॅब अकरा चौरस मीटरचा. म्हणजे अकरा हजार वॅट. पाच-साडेपाच गिझर त्या एका खोलीच्या डोक्यावर एकदम चालू! यातली बरीच उष्णता परावर्तित होऊन आणि वाऱ्याने निघून जाते. तरी जुन्या काळपट गच्चीचा पृष्ठभाग ५५-६० अंशांवर जातो. खाली खोली ३५ ला. पातळीतला फरक वीस-पंचवीस अंशांचा, आणि मध्ये बांध म्हणून पाच इंच काँक्रीट.

हा बांध किती झिरपतो त्याला यू-मूल्य म्हणतात. दोन्ही बाजूंना एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट पलीकडे जातात, तो आकडा. जितका लहान तितका बांध पक्का. नुसत्या पाच इंची स्लॅबचा साडेतीनच्या आसपास. नऊ इंची विटांच्या, गिलावा केलेल्या भिंतीचा साधारण दोन. एकेरी काचेच्या खिडकीचा पावणेसहा, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीत ऐटदार मोठी काच लावणारे स्वतःच्या खर्चाने बांध फोडतात. हलक्या एएसी ब्लॉकची आठ इंची भिंत मात्र पाऊणपर्यंत खाली येते, कारण त्यात वस्तूपेक्षा हवा जास्त.

स्लॅबचा आणखी एक खोडसाळपणा म्हणजे उशीर. दुपारी खाल्लेलं ऊन तो तीन-चार तासांनी खाली ओकायला लागतो आणि रात्री दहापर्यंत ओकतच राहतो. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि आत आपण म्हणतो, ‘पंखा नुसती गरम हवा फेकतोय.’ पंखा बिचारा निर्दोष आहे. तो छताला लागून तापलेली हवा खाली ढकलतो, एवढंच. म्हणून तर लोक गच्चीवर झोपायचे. वेण्णेकाठच्या गवतासारखीच गच्चीही रात्री आकाशाकडे उष्णता फेकून वरच्या बाजूने लवकर निवते. खालच्या बाजूने तिला फेकायला तुमची खोलीच असते.

आता जुन्या घराकडे बघू. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यात माळवदाची घरं असायची. लाकडी तुळया, वर आडव्या फळ्यांचं किलचाण, आणि त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती धोपटून बसवलेली. कोरड्या मातीतून उष्णता काँक्रीटच्या निम्म्याहून कमी वेगाने जाते आणि इथे जाडीही अडीच ते साडेतीन पट. दीड फुटी माळवदाचं यू-मूल्य काढलं तर ते एकच्या आसपास येतं. १४ डिसेंबर २०१८ रोजी केंद्राने इको निवास संहिता नावाची घरबांधणीची ऊर्जा-संहिता आणली. ती तेव्हा ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी होती. तिच्यात छताच्या यू-मूल्याची मर्यादा ठेवली होती १.२. म्हणजे आजोळचं माळवद या परीक्षेत पास, आणि त्याच जागी मामाने हौसेने घातलेला नवा स्लॅब नापास. तोही थोडाथोडका नाही, तिपटीने.

जाड मातीची दुसरी करामत म्हणजे तिचा उशीर बारा तासांच्या घरात जातो. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत पहाट होते, तेव्हा ते नकोसं वाटत नाही. याच तत्त्वाचं टोक बघायचं तर सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवं. जमिनीत काही फूट खाली गेलं की दिवस-रात्रीतला फरक पुसला जातो, आणखी खाली ऋतूंमधलाही पुसट होत जातो. त्या स्थिर हवेत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली बरीच पेवं निकामी झाली.

पण माळवद परत आणा, असं मी म्हणणार नाही. त्यावर दर वर्षी गवत उपटावं लागतं, माती भरावी लागते, आणि चार दिवस झड लागली की घरात ठिकठिकाणी पातेली मांडावी लागतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, दहिवडीकडे पाचशेच्या आसपास, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात! जावळीत कुणी माळवद घातलं असतं तर ते पहिल्याच श्रावणात अंगावर आलं असतं. तिकडे उतरती कौलंच हवीत.

स्लॅब पडलेला आहे, तो काही आपण काढणार नाही. मग काय करता येतं? वॉटरप्रूफिंगला विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात, चार इंचांचा घातला तर यू-मूल्य साडेतीनवरून अडीचवर येतं. आमच्या गच्चीवर कंत्राटदाराने चार इंच सांगून दोनच घातला होता. हे सहा वर्षांनी पाइप टाकायला खणलं तेव्हा कळलं. बांधकाम चालू असताना पट्टी घेऊन उभं राहायला लाजू नये. घट्ट दाबलेल्या फोमची जेमतेम इंचभर जाडी जरी कोब्याखाली गेली तरी स्लॅब १.२ च्या आत येतो. दीड फूट माती जे करते ते एक इंच फोम करतो. मात्र तो पावसापासून जपावा लागतो आणि आधीच बांधलेल्या घरात घालायचा तर वरचं सगळं उकरावं लागतं.

सगळ्यांत स्वस्त उपाय बांध जाड करण्याचा नाहीच, पूर वरच अडवण्याचा आहे. पांढरा रंग. जुनं काळपट सिमेंट अंगावर पडलेल्या उन्हाचा मोठा भाग पिऊन टाकतं, ताजा पांढरा थर तीन चतुर्थांशाच्या आसपास परत फेकतो. पूर्वी गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, म्हणजे चायना मोझॅक, बसवायचे, त्यात शोभेपेक्षा हे कारण मोठं. ते परवडत नसेल तर चुना आणि त्यात थोडं फेविकॉल.

एसी हवाच असेल तर निदान तो कशाशी झुंजतो हे माहीत असावं. दीड टनातला टन वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी खोलीतून बाहेर काढायची ताकद, साधारण साडेतीन हजार वॅट. एसी थंडी तयार करत नाही, तो उष्णता उपसून बाहेर टाकतो. शेतातल्या मोटरीसारखा उपसाच तो, फक्त खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर उष्णता चढवतो. म्हणून जितकी कमी उंची चढवायची तितकी वीज कमी. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू होताना आपोआप २४ अंशांवर लागतात ते यासाठीच. १८ वर लावून रजई घेणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, आमच्याच घरात तो पक्ष आहे. आटपाडी-जतच्या कोरड्या हवेत मात्र साधा पाण्याचा कूलर छान काम देतो, कारण तिथे पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. सांगलीत नदी आणि ऊसपट्ट्यामुळे हवेत दमटपणा असला की तोच कूलर नुसता ओलावा करतो.

माझी ताई सांगलीत वरच्या मजल्यावर राहते. गेल्या मार्चमध्ये मी तिला गच्चीला चुना मारायला सांगितलं, तर दाजी हसले. ‘रंग दिल्याने घर थंड होत असतं तर एसीवाले उपाशी मेले असते.’ शेवटी तोडगा निघाला की अर्धीच गच्ची रंगवायची, हॉलवरची. त्यातही घाई नडली. साखर कारखान्याचा गाळप हंगाम संपला नव्हता, आणि त्या दिवसांत चिपाडाची काजळी उडून गच्च्यांवर पडते. आठ दिवसांत पांढऱ्यावर करडी पूड साचली. ताईने झाडून, धुऊन दुसरा हात हंगाम संपल्यावर दिला. हंगाम संपेपर्यंत थांबायला हवं होतं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

एप्रिलच्या शेवटी एका रात्री साडेआठला तिचा फोन आला. दाजी हॉलमध्ये स्टुलावर चढून छताला तळहात लावत होते. मग स्टूल बेडरूममध्ये नेलं, तिथे हात लावला आणि पटकन काढून घेतला. पुन्हा स्टूल हॉलमध्ये. असं तीनदा झालं. मग त्यांनी ताईच्या हातून फोन घेतला आणि विचारलं, ‘बेडरूमवरच्या तेवढ्याला चुना किती किलो लागंल रं?’